बैल धुऱ्याबाहेर गेला! स्टॉप मोशननं भूमिती शिकवताना या चुका टाळा

तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, झाला की घरोघरचा लाकडी नंदी माळ्यावर जातो, मी तो वर्गात मागवला. बाह्यकोन, म्हणजे कोपऱ्यावर सरळ न जाता जितकं वळावं लागतं तो कोन, शिकवायचा होता. ड्रॉइंग शीटवर ३० सेंटिमीटर बाजूचं समभुज त्रिकोणी वावर काढलं, त्याच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, बैल थोडा थोडा सरकवायचा, दर वेळी मोबाइलनं एक फोटो, ते एकामागोमाग दाखवले की झाली स्टॉप मोशन फिल्म. एवढं सोपं वाटलं होतं बरं का.

पहिली चूक तर नंदीच. वरून फोटो काढला तर नुसती पाठ अन् शिंगं दिसतात, त्यात त्याची सावली शीटवर लोळते, बैल नेमका कोणत्या टोकावर उभा आहे तेच कळत नाही. मग पुठ्ठ्याचा चपटा बैल कापला आणि मधोमध टाचणी टोचली. टाचणी नसली की वळवताना बैल सरकतो, अन् पोरांना वळणं कोणतं अन् सरकणं कोणतं यातला फरकच दिसत नाही.

आता सगळ्यात नडणारी चूक, मोबाइल तिरपा धरणं. बाकी विषयात तिरपा फोटो चालून जातो, भूमितीत नाही चालत, कारण जवळची बाजू मोठी अन् दूरची लहान दिसते, चौरसाचा समलंब चौकोन होतो आणि मग तुम्ही फळ्यावर ९० म्हणता अन् स्क्रीनवर पोरांना ८० दिसतात. आम्ही दोन बेंचच्या मध्ये फळी टाकून मोबाइल त्यावर स्क्रीन वर करून आडवा ठेवतो, कॅमेरा फळीच्या काठाबाहेर. शीटवर आधी १० सेंटिमीटरचा चौरस काढून कॅमेऱ्याच्या ग्रिडशी जुळवून पाहा, जुळला तरच पुढे. आणि ०.५ वाली वाइड लेन्स अजिबात नको, कडेच्या सरळ रेघा वाकतात.

फिल्म लुकलुकते ही तक्रार सगळेच करतात. मोबाइल दर फोटोला उजेड स्वतः ठरवतो, त्यात खिडकीतून ढग येतो-जातो. बऱ्याच मोबाइलमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस अन् उजेड लॉक होतो, ते करा, खिडकीला पडदा लावा. लाइनच्या भरवशावर राहू नका, अर्ध्यात लाइट गेली तर दोन तुकडे वेगळे दिसतात, आमचे दिसले. एअरप्लेन मोड तर लावाच, नाहीतर नेमका तेव्हाच फोन येतो अन् सगळं हलतं.

सिनेमाला सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे फोटो, लागतात म्हणून पोरांकडून तेवढे काढून घेऊ नका, १० पुरतात, पिरेड काही दोन तासांचा नसतो. बाजूवर २ सेंटिमीटरची पावलं, कोपऱ्यावर १५ अंशांची वळणं. पावलं अंदाजे टाकली तर बैल मध्येच पळतो, मध्येच अडतो, म्हणून खुणा आधीच करून ठेवा.

आता खरी गंमत. एका गटानं कोपऱ्यावर बैल ६० अंशच वळवला, त्रिकोणाचा कोन ६० म्हणून. फिल्म लावली तर एक पोरगी ओरडली, "सर, बैल तर वावराच्या बाहेर चालला ना जी!" मी डिलीट करायला जाणार होतो, तेवढ्यात दुसरा म्हणे तसाच चालू द्या, पाहू कुठं जाते. दर ३० सेंटिमीटरला ६० वळत बैल सहा बाजू चालून परत जागेवर, चक्क सुसम षटकोन! म्हणून चुकलेली फिल्म लगेच उडवू नका. कॅमेरा हलला असेल तर उडवा, कोन चुकला असेल तर ठेवा. आतला कोन ६० असला तरी बैलाचं तोंड १२० वळावं लागतं हे त्या दिवशी मला सांगावंच लागलं नाही.

शेवटची चूक जवळपास प्रत्येक गट करतो. बैल सुरुवातीच्या कोपऱ्यावर पोचला की पोरं टाळ्या वाजवतात अन् शूटिंग थांबवतात. पण तोंड अजून पहिल्या दिशेला नाही, तिसरं वळण राहिलंय. वळणाचे फोटो मोजायला लावा: १६ निघतात, म्हणजे २४० अंश. उरलेले ८ काढले की २४ होतात, म्हणजे ३६०. चौरसाला सहा-सहा करून २४, षटकोनाला चार-चार करून तेवढेच. पंचकोनाचं ७२ अंशांचं वळण मात्र १५ च्या टप्प्यात बसत नाही, तिथं १२ चा टप्पा घ्या.