कुत्र्याला घेऊन वाईचे घाट

सकाळी साडेसहाला घाटावर उतरायचं, उन्हाळ्यात त्याहून आधी. दिवस वर आला की काळ्या दगडाच्या पायऱ्या तापतात. हाताची मागची बाजू दगडावर टेकवून बघा. पाच-सात सेकंदही ठेववत नसेल तर आल्या पावली घरी. आणि गळपट्ट्यापेक्षा हार्नेस घाला. आमचा भुऱ्या अस्सल गावठी, पण गाव त्याचं नाही असं घाटावरच्या कुत्र्यांचं ठाम मत आहे. त्यांना बघितलं की तो मान सोडवून पळायला बघतो.

सुरुवात गणपती घाटावरून. देवळात कुत्रा न्यायचा नाही हे सांगायला नको, पण ढोल्या गणपतीच्या देवळाची खरी करामत मागे आहे. 1762 साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी देऊळ बांधलं तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार काढली. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जातं. दर्शन घेऊन गाडीकडे धावणाऱ्या मंडळींना हे दिसतच नाही. कुत्रा मात्र तुम्हाला बरोबर तिकडे ओढतो, कारण नदीकाठी निर्माल्य पडलेलं असतं.

तिथे दोरी आखूड धरा. हारांचा दोरा पोटात गेला की डॉक्टर गाठावा लागतो. प्रसादाचंही तेच. खोबऱ्याचा तुकडा ठीक आहे, पण पंचखाद्यात बेदाणे असले तर ते कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. कोणी प्रेमाने हात पुढे केला तर सरळ ‘काका, नको’ म्हणायचं.

नदीचं पाणी पाजू नका, बाटली न्या. पावसाळ्यात शेवाळामुळे खालच्या पायऱ्या टाळा. धोम धरणातून पाणी सोडलं असेल तर घाटावर उतरूच नका.

दम असेल तर पुढे मेणवली, साधारण 3 किलोमीटर. रस्त्याने जाताना समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चाला आणि कुत्रा आतल्या अंगाला ठेवा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे चंद्रकोरीसारखा घाट आहे. तिथली मोठी घंटा वसईची, चिमाजी अप्पांच्या 1739 च्या विजयानंतर आलेली. तिच्यावर 1707 साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. जवळ जाण्याआधी कोणी ती वाजवत नाही ना बघा, कुत्रा बिथरतो.

घरी आल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड तपासा.