चोक ओढला, पण पाय उचलला नाही

डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटेचे तापमान बऱ्याचदा दहा अंशांच्या खाली उतरते, आणि माझी १९८८ सालची प्रीमिअर पद्मिनी उघड्यावर उभी असते. पहिल्या हिवाळ्यात ती सुरू करायला मला रोज पंधरा-वीस मिनिटे लागत. सेल्फचा आवाज हळूहळू घोगरा होत जाई, समोरच्या इमारतीतले दिवे लागत, आणि शेवटी वॉचमन व दूधवाला यांच्या धक्क्यावर गाडी चालू होई. त्या एका हिवाळ्यात मी एक बॅटरी, प्लगचे दोन संच आणि एक अख्खा जुना कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) विकत घेतला. यांतल्या एकाही वस्तूची गरज नव्हती. ज्यांनी जुनी गाडी नुकतीच घेतली आहे, किंवा ज्यांना ती वडिलांकडून मिळाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. प्लग कसा काढतात आणि पॉइंट कशाला म्हणतात हे आपल्याला माहीत आहे असे मी धरून चालतो.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी बॅटरी आणि करंट तपासून मोकळे व्हावे. पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा दहाच्या बराच खाली जात असेल, तर बॅटरी, तिची टोके किंवा इंजिनाची अर्थिंगची पट्टी यांपैकी काहीतरी दुबळे आहे. पॉइंटची फट ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असावी आणि ती फिलर गेजने मोजावी. पोस्टकार्डाच्या जाडीने फट लावणारे कसबी लोक मी पाहिले आहेत, पण आपण ते नव्हे. पॉइंट जळलेले दिसले तर कंडेन्सरवरही संशय घ्यावा. हे सगळे एका रविवारी होते आणि त्यात फारसे काही चुकत नाही.

माझे चुकले ते पुढे, आणि ते समजायला दोन महिने लागले.

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. ते मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या, भिंतींवर थेंबाथेंबाने चिकटून राहते, आणि सिलिंडरपर्यंत पेटण्याजोगी वाफ फार थोडी पोहोचते. म्हणून सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल लागते, आणि ते देण्याचे काम चोक करतो. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. चोक दोन वेगळ्या प्रकारचा असतो, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते.

एका प्रकारात कार्बोरेटरच्या तोंडाशी एक झडप असते. चोक ओढला की ती मिटते, हवा अडते आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, पेट्रोल जास्त ओढले जाते. कार्बोरेटरवाल्या मारुती ८००मध्ये हीच व्यवस्था आहे. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे माझ्या गाडीवरच्या सोलेक्स बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये, तोंडाशी झडपच नसते. त्याऐवजी कार्बोरेटरच्या अंगाला एक छोटा, जवळजवळ स्वतंत्र कार्बोरेटर जोडलेला असतो. त्याचा पेट्रोलचा जेट वेगळा असतो, हवेची वाट वेगळी असते, आणि चोकच्या केबलने एक भोके पाडलेली चकती फिरून त्याचा मार्ग उघडतो. त्यातले घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, मिश्रण थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने हवेची वाट उघडणाऱ्या, पाकळीच्या खालच्या बाजूला, थेट मॅनिफोल्डमध्ये उतरते.

‘खालच्या बाजूला’ या दोन शब्दांपायी माझा हिवाळा गेला, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. सेल्फ फिरत असताना पिस्टन हवा ओढतात. थ्रॉटलची पाकळी मिटलेली असेल तर वरून हवा यायला जवळजवळ वाट नसते; मग सगळी ओढ त्या छोट्या कार्बोरेटरवर येते आणि तो भरभरून मिश्रण देतो. पण आपण ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की पाकळी उघडते, हवेला वरून मोकळा रस्ता मिळतो, खालची ओढ विझते आणि चोक नुसता ओढलेला राहतो. सेल्फच्या मंद गतीत मुख्य जेटमधून पेट्रोल उचलण्याइतका हवेला वेग नसतो, त्यामुळे तिथूनही मदत होत नाही. शिवाय पाय दाबला की ॲक्सिलरेटर पंप कच्च्या पेट्रोलची एक पिचकारी मारतो. थंडीत त्याची वाफ होत नाही, ते जाऊन प्लग भिजवते. म्हणजे एकाच वेळी इंजिनाला पेटण्यापुरते पेट्रोल मिळत नसते आणि प्लग मात्र ओले निघतात. ओला प्लग हातात घेऊन कोणीही म्हणेल की पेट्रोल जास्त होत आहे. मीही तेच म्हणालो आणि मिक्स्चरचा स्क्रू आत घेऊन मिश्रण आणखी पातळ केले.

त्यात भर म्हणजे मला भेटलेल्या प्रत्येक माणसाने एकच सल्ला दिला होता, ‘चोक ओढा आणि ॲक्सिलरेटर मारत राहा.’ एअर क्लीनर काढून मी टॉर्चने आत पाहिले, झडप दिसली नाही, तेव्हा कोणीतरी ती काढून विकली असावी असा माझा ठाम समज झाला. त्या हरवलेल्या झडपेसाठी मी जुन्या सामानाच्या चार दुकानांत फिरलो. चौथ्या दुकानदाराने माझ्याकडे दयेने पाहिले आणि एक अख्खा कार्बोरेटर माझ्या गळ्यात मारला. त्यातही झडप नव्हती. तो अजून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर पडला आहे.

उलगडा एका वयस्कर फिटरने केला. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाड्यांवर त्यांनी आयुष्य काढले होते. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. काचेतून आत पाहत ते म्हणाले, ‘साहेब, चोक पूर्ण ओढा आणि पाय खाली जमिनीवर ठेवा. पेडलवर नको, जमिनीवर.’ मी चावी फिरवली. गाडी लगेच काही चालू झाली नाही, पण पहिल्यांदाच ती दोनदा-तीनदा खोकली, आणि इतके दिवस तेवढेही होत नव्हते. मग त्यांनी बॉनेट उघडून आयडलिंगच्या, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाची मंद गती ठरवणाऱ्या, स्क्रूवर बोट ठेवले आणि विचारले, ‘हा कोणी पिळला?’

खरे मूळ तिथे होते. ऑक्टोबरमध्ये गाडी सिग्नलवर बंद पडते म्हणून मी ती एका गॅरेजमध्ये दिली होती, आणि तिथे आयडलिंगचा स्क्रू भरपूर आत घेऊन इंजिनाचा वेग वाढवून दिला होता. हा स्क्रू थ्रॉटलची पाकळी थोडी उघडी धरून ठेवतो. म्हणजे मी पाय उचलला तरी स्क्रूच्या रूपाने एक पाय कायमचा पेडलवर होता. बंद पडण्याचे खरे कारण कार्बोरेटरच्या बुडाचे गॅस्केट होते. ते सुटून तिथून हवा खेचली जात होती आणि मिश्रण पातळ होत होते. गॅस्केट बदलले, इंजिन पूर्ण गरम करून आयडलिंग आणि मिक्स्चर पुन्हा लावले, आणि दुसऱ्या पहाटे गाडी चौथ्या-पाचव्या फेऱ्यात धरली. चुकीचा इलाज तेवढ्यापुरता लागू पडतो आणि दुखणे पुढच्या मोसमावर ढकलतो. आयडलिंग वाढवून देणे हा त्यातला सर्वांत लबाड इलाज आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

तरीही आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे आधी पाहावे, माझे डोळे मिटून ऐकू नये. इंजिन बंद असताना एअर क्लीनर काढावा, कोणाला तरी चोक ओढायला सांगावे आणि तोंडाशी झडप हलते का ते बघावे. झडप असेल तर सुरू करण्यापूर्वी एकदा सावकाश पेडल दाबून सोडणे योग्यच आहे, आणि माझा पाय उचलण्याचा धडा तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. झडप नसेल तर चोकची केबल ज्या दांडीला जोडली आहे ती पाहावी. डॅशबोर्डावरचा खटका पूर्ण बाहेर आला म्हणजे दांडीही पूर्ण फिरली असे नसते. केबलचे बाहेरचे वेष्टन क्लॅम्पमधून सरकले की खटका पूर्ण येतो आणि चकती अर्ध्यावर थांबते. परत आत ढकलताना दांडी मूळ जागी जाते का हेही पाहावे. ती अडकून राहिली तर गाडी दिवसभर पेट्रोल पिते आणि प्लग काजळतात. या छोट्या कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा बसला तर गरम गाडी उत्तम चालते आणि थंड गाडी अजिबात सुरू होत नाही. जेट हवेने फुंकावा. त्यात तार घालू नये, भोक मोठे झाले की ते लहान करता येत नाही.

गाडी ओव्हरफ्लो झालीच, म्हणजे जादा पेट्रोलने प्लग भिजलेच, तर चोक पूर्ण आत ढकलावा, पेडल तळापर्यंत दाबून तसेच धरावे, पंपासारखे मारू नये, आणि पाच सेकंद सेल्फ मारावा. मोकळी हवा जाऊन प्लग सुकतात. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीच्या झाकणाने पेट्रोल ओतणाऱ्यांच्या नादी मात्र कधीही लागू नये. इंजिनाने उलट ठसका दिला की ज्वाळा थेट चेहऱ्यावर येते. हा धाडसाचा प्रश्न नाही, भुवया शाबूत राहण्याचा आहे.

नवशिक्याला सर्वांत जास्त फसवते ती एक साधी गोष्ट. थंड इंजिनाची परीक्षा दिवसातून एकदाच देता येते. एकदा चालू झाले की ते इंजिन त्या दिवशी पुन्हा तेवढे थंड होत नाही. मी संध्याकाळी स्क्रू फिरवायचो, कोमट गाडी लगेच सुरू व्हायची, मी खूश होऊन झोपायचो आणि पहाटे पुन्हा धक्क्यासाठी दूधवाल्याला हाक मारायचो. आता एक वही ठेवली आहे. एका रात्री एकच बदल करायचा, स्क्रू किती वेढे फिरवला ते लिहायचे, आणि सकाळी तापमान व सेल्फचे फेरे नोंदवायचे. याला आठवडे लागतात. पण माझ्यासारख्या, दोन महिने चुकीच्या दिशेने स्क्रू फिरवणाऱ्या माणसालाही हे जमले, तेव्हा आपल्याला न जमण्याचे कारण नाही.

उस्ताद निवडतानाही हीच कसोटी लावावी. आल्या आल्या स्क्रूड्रायव्हर उचलणाऱ्यापेक्षा, आधी कोणी काय केले हे विचारणारा बरा. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची टॅक्सी उतरली, तेव्हापासून अशी माणसे शोधावीच लागतात.

चार-पाच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचा प्रकार वेगळा आहे. तिथे फ्लोटच्या वाटीतले, म्हणजे कार्बोरेटरमधल्या छोट्या साठ्यातले, पेट्रोल उडून गेलेले असते आणि इंजिनावर चालणारा पंप ती भरेपर्यंत सेल्फ फुकट फिरतो. पंपाला हाताने चालवायची छोटी दांडी असेल तर ती पंधरा-वीस वेळा मारावी आणि मगच चावी फिरवावी. तरीही वाटी भरत नसेल तर पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या तपासाव्यात. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगते आणि चिरते. मी सोमवारी सकाळी आधी दांडी मारतो, मग चोक ओढतो, आणि डावा पाय क्लचवर ठेवून उजवा मुद्दाम सीटखाली ओढून घेतो, कारण तो अजूनही सवयीने पेडलकडे जातो.