गाडीत पिस्तूल आणि मागे पोलिसांचे दिवे: अमेरिकेत या चुका टाळा

डॅलस, अटलांटा, डिट्रॉइट, फिलाडेल्फिया, कुठेही जा, रीतसर पिस्तूल बाळगणारे मराठी लोक आता भेटतात. रेंजवर जाऊन नेम धरायला सगळे मन लावून शिकतात. पण हायवेवर मागे लाल-निळे दिवे लागले की काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यातून आपल्याला सवय पुण्या-मुंबईच्या नाकाबंदीची. तिथे जे चालतं, ते इथे अंगाशी येतं.

माझं सांगणं एकच आहे. गाडीच्या झडतीला नकार द्यायचा हक्क तुम्हाला आहे, पण तो फक्त तोंडानं वापरा, हातानं नाही. बाकीचं भांडण कोर्टात.

व्हिसा न बघता बंदुकीला हात लावणं

झडतीच्या आधीची ही चूक, आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात महागडी. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर असणाऱ्याला केंद्रीय कायद्यानं बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतूसही. राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स हा त्यातला नेहमीचा अपवाद. ग्रीन कार्डवाल्याला ही आडकाठी नाही. आता विचार करा, ग्रीन कार्डवाल्या मित्राची गाडी तुम्ही चालवताय, त्याचं पिस्तूल ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे आणि ते तिथे आहे हे तुम्हाला माहीत आहे. पिस्तूल त्याचं, पण त्या क्षणी ताबा तुमचा धरला जाऊ शकतो. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर देशाबाहेर काढलं जाण्याचं ते कारण होतं. मित्राला सरळ विचारा, गाडीत काही आहे का?

गाडीतून उतरून साहेबांकडे जाणं

आपल्याकडे हवालदारानं हात दाखवला की आपण गाडी बाजूला घेतो, कागद काढतो आणि उतरून त्याच्याकडे जातो. इथे न सांगता दार उघडून चालत येणारा माणूस पोलिसाला धोका वाटतो. आतच बसा. इंजिन बंद, काच खाली, रात्र असेल तर आतला दिवा लावा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. मात्र त्यानं ‘उतरा’ म्हटलं तर उतरायलाच हवं. पेन्सिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स या 1977 च्या निकालानं ड्रायव्हरला उतरवण्याचा अधिकार पोलिसाला दिला आणि 1997 मध्ये तोच नियम सोबतच्या प्रवाशांनाही लागू झाला. उतरा म्हणणं म्हणजे झडतीला परवानगी मागणं नव्हे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गोंधळलेल्या माणसाला त्या एकच वाटतात.

एक छोटी गोष्ट, पण फार महत्त्वाची: रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचे कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये आणि पिस्तूलही तिथेच, ही मांडणी आजच बदला. कागद सन व्हायझरला लावा. पोलीस खिडकीशी उभा आहे, तुम्ही कागदांसाठी झाकण उघडता आणि आतून पिस्तुलाची मूठ दिसते, अशी वेळ कुणावरच येऊ नये.

‘गन आहे’ असं म्हणत हात हलवणं, किंवा खोटं बोलणं

जुलै 2016 मध्ये मिनेसोटात फॅल्कन हाइट्सला फिलँडो कॅस्टिल या तरुणाला गाडीसह थांबवलं गेलं. त्याच्याकडे परवाना होता. आपल्याकडे बंदूक आहे हे त्यानं शांतपणे, आपण होऊन सांगितलं. पुढच्या काही सेकंदांत पोलिसानं त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची लहान मुलगी होती. त्या पोलिसाला पुढच्या वर्षी ज्युरीनं निर्दोष सोडलं. सांगणं चूक नव्हतं, आणि कॅस्टिलला दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण त्या प्रसंगानंतर जाणते प्रशिक्षक जे शिकवतात ते लक्षात ठेवा. वाक्याची सुरुवात ‘गन’ या शब्दानं करू नका. आधी परवान्याचं सांगा, मग पिस्तूल कुठे आहे ते, मग पाकीट कुठे आहे ते, आणि शेवटी विचारा, ‘मी काय करू?’ उत्तर येईपर्यंत हात स्टिअरिंगवरून काढू नका.

आपण होऊन सांगायचं की नाही, हे राज्यावर आहे. मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलिनात परवानाधारकानं थांबवल्यावर लगेच सांगणं बंधनकारक आहे. टेक्ससमध्ये पोलिसानं ओळखपत्र मागितलं की परवानाधारकानं त्यासोबत हँडगनचं लायसन्सही दाखवायचं. ओहायोत पूर्वी आपण होऊन सांगावं लागे, जून 2022 पासून विचारल्यावर सांगणं पुरतं. ज्या राज्यातून जाणार, तिथला नियम निघण्याआधी वाचा. विचारल्यावर ‘नाही’ असं खोटं मात्र कुठेही बोलू नका.

भिडेखातर ‘हो, बघा ना’ म्हणणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून इथे जरा थांबतो.

पावती लिहून होते. पोलीस लायसन्स परत देतो, हसतो आणि सहज विचारतो, ‘गाडीत काही नाही ना? एकदा नजर टाकली तर चालेल?’ आपला माणूस लगेच, ‘शुअर सर.’ मनात विचार असा की आपण साधे माणूस, लपवायचं काय? पण त्या एका शब्दानं अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीनं 1791 पासून दिलेलं अवाजवी झडतीविरुद्धचं संरक्षण तुम्ही आपल्या हातानं सोडून दिलं. ‘तुम्ही नाही म्हणू शकता’ हे पोलिसानं सांगायलाच हवं असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं श्नेकलॉथ विरुद्ध बुस्टामाँटे या 1973 च्या खटल्यात स्पष्ट केलं. आणि परवानगी दिलीत की ती सीटवर नजर टाकण्यापुरती राहत नाही. फ्लोरिडातल्या हिमेनो नावाच्या माणसानं पोलिसाला गाडी तपासायला हरकत नाही म्हटलं, पोलिसानं खाली पडलेली कागदी पिशवी उघडली आणि त्यात कोकेन निघालं. 1991 मध्ये कोर्टानं ती झडती वैध ठरवली.

लपवायला काही नसलं तरी गाडीत काय पडलंय, हे दर वेळी माहीत असतंच असं नाही. मागच्या शिकारीचं काडतूस सीटखाली असतं, दहा गोळ्यांपेक्षा मोठं मॅगझिन न्यू जर्सीत शिरल्यावर गुन्हा ठरतं, भावाची बॅग डिकीत विसरलेली असते. म्हणून नम्रपणे, स्पष्ट शब्दांत म्हणा, ‘ऑफिसर, आय डोन्ट कन्सेंट टू एनी सर्चेस.’ खांदे उडवणं, गप्प राहणं, ‘तुमची मर्जी’ म्हणणं यातून कोर्टात नकार सिद्ध करणं अवघड जातं. नुसत्या नकारावरून संशय घेता येत नाही, हेही कोर्टांनी मान्य केलेलं आहे. त्यानंतर विचारा, ‘अॅम आय फ्री टू गो?’ साध्या थांबवणुकीचं काम संपल्यावर अमली पदार्थ हुंगणारा पोलिसांचा कुत्रा येईपर्यंत, ठोस संशयाशिवाय, तुम्हाला ताटकळत ठेवता येत नाही. रॉड्रिगेझ खटल्याचा 2015 चा निकाल याच मुद्द्यावर आहे. आणि नुसती पावती फाडली म्हणून गाडी तपासता येत नाही, हे 1998 मध्ये नोल्स विरुद्ध आयोवात ठरलं.

‘वॉरंट दाखवा’ म्हणून अडून बसणं

घर वेगळं, गाडी वेगळी. 1925 च्या कॅरोल खटल्यापासून, गाडीत बेकायदा वस्तू असल्याचं ठोस कारण असेल तर वॉरंटशिवाय झडती होऊ शकते. दारूबंदीच्या काळात त्या खटल्यातल्या गाडीच्या सीटच्या गादीत दडवलेल्या बाटल्या सापडल्या होत्या.

बंदूकधारकानं नीट समजून घ्यावा असा निकाल मात्र मिशिगन विरुद्ध लाँग, 1983. गाडीच्या तळाशी शिकारीचा सुरा दिसला म्हणून पोलिसांनी आतली जागा तपासली आणि कोर्टानं ते मान्य केलं. माणूस धोकादायक आहे आणि शस्त्र त्याच्या हाती लागू शकतं, असा रास्त संशय असला तर बसायच्या जागेत, शस्त्र मावेल तिथे बघता येतं. डिकी त्यात येत नाही. मग कायदेशीर पिस्तूल असणं म्हणजेच धोकादायक का? इथे कोर्टांतच एकमत नाही. व्हर्जिनिया, मेरीलँड, कॅरोलिना या भागाच्या केंद्रीय अपील कोर्टानं (चौथं सर्किट) 2017 मध्ये म्हटलं की परवाना असो-नसो, सशस्त्र माणूस पोलिसापुरता धोकादायकच. ओहायो-मिशिगनच्या अपील कोर्टानं (सहावं सर्किट) 2015 मध्ये उलट कौल दिला: उघडपणे शस्त्र बाळगणं जिथे कायदेशीर आहे, तिथे नुसतं शस्त्र हे संशयाचं कारण होत नाही. मला हा दुसरा विचार पटतो. हक्क बजावणं हेच संशयाचं कारण ठरू लागलं तर तो हक्क उरतोच कुठे?

तुम्ही नकार देऊनही झडती सुरू झाली तर हात लावून अडवू नका, दारासमोर उभे राहू नका. नकाराचं वाक्य एकदा पुन्हा म्हणा आणि बाजूला व्हा. बॉडी कॅमेऱ्यात ते नोंदलं जातं, आणि पुरावा बाद करण्याचा अर्ज वकील त्याच आधारावर करतो.

राज्याची हद्द विसरणं

2013 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका आईला न्यू जर्सीत वाहतुकीच्या साध्या कारणासाठी थांबवलं. तिनं प्रामाणिकपणे पेन्सिल्व्हेनियाचा परवाना आणि पिस्तूल दोन्हींबद्दल सांगितलं आणि तिथेच तिला अटक झाली, कारण न्यू जर्सी तो परवाना मानत नाही. 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी तिला माफी दिली. न्यू जर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटीकडे नातेवाइकांना भेटायला निघणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

नुसतं आरपार जायचं असेल तर 1986 चा केंद्रीय कायदा आधाराला आहे. दोन्ही टोकांना बंदूक कायदेशीर हवी, ती रिकामी हवी, आणि ती व काडतुसं दोन्ही हाताशी येणार नाहीत अशा जागी, म्हणजे डिकीत हवीत. एसयूव्हीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी लागते. ग्लोव्ह बॉक्स आणि मधला कन्सोल त्यात धरत नाहीत, कुलूप असलं तरी. वाटेत मुक्काम केलात तर हे संरक्षण निसटू शकतं: न्यू जर्सीतल्याच न्यूआर्कला विमान चुकून रात्र काढावी लागलेल्या यूटाच्या प्रवाशाला तिथे अटक झाली आणि कोर्टात हा कायदा त्याच्या कामी आला नाही.

थांबवलेलं असेपर्यंत पोलीस पिस्तूल स्वतःकडे घेऊ शकतो आणि जाताना रिकामं करून परत देतो. ते रस्त्याच्या कडेला पुन्हा भरू नका. तसंच ठेवा, गाडी हलवा, आणि घरी किंवा सुरक्षित जागी पोहोचल्यावरच हात लावा. पिस्तूल परत न देता नेलं तर पावती मागा, पोलिसाचं नाव, बिल्ला क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा, आणि त्याच आठवड्यात वकिलाकडून बॉडी कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाची मागणी करा. बरेच विभाग ते ठरावीक मुदतीनंतर पुसून टाकतात.