जुन्या अकूस्टिक गिटारचे रीइश्यू : घेण्याआधी आत काय बघायचं

विक्रेता ‘व्हिंटेज रीइश्यू आहे’, म्हणजे जुन्या मॉडेलची नव्याने काढलेली आवृत्ती आहे, म्हणाला की पहिला प्रश्न विचारायचा : कुठल्या सालाची? मार्टिन या अमेरिकन कंपनीची डी-२८ १९३७ मध्ये बनत होती, १९५५ मध्ये बनत होती, आजही बनते. नाव तेच राहिलं. आतल्या पट्ट्यांची मांडणी, नेकची रुंदी, लाकूड आणि कडेची नक्षी मात्र बदलत गेली. साल कळल्याशिवाय तुलना कशाशी करायची हेच ठरत नाही.

रीइश्यूही एका जातीचे नसतात. मार्टिनच्या ‘ऑथेंटिक’ गिटार एका ठरावीक सालच्या जुन्या वाद्याची मापं घेऊन, सरस वापरून, जवळपास तशाच बांधलेल्या असतात. गिब्सनच्या ‘फिफ्टीज ओरिजिनल’ आणि ‘सिक्स्टीज ओरिजिनल’मध्ये त्या दशकाच्या ठळक खुणा घेऊन बाकी काम आजच्या पद्धतीचं असतं. तिसऱ्या प्रकारात फक्त रूप आणि नाव जुनं असतं. यामाहाच्या लाल लेबलवाल्या एफजी३ आणि एफजी५ चांगल्या गिटार आहेत, पण १९६६ च्या एफजी१८० चा टॉप (पुढची फळी) प्लायचा होता आणि २०१९ ला आलेल्या या दोन्ही पूर्ण सॉलिड लाकडाच्या आहेत. म्हणजे आवाज जुन्यापेक्षा वेगळाच असणार, आणि तो चांगल्या अर्थाने. ‘अगदी जुन्यासारखी वाजते’ म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर ते देऊ नका.

ठाण्यात किंवा वाशी-नेरूळला सेकंडहँड गिटार बघायला जाताना बरोबर एवढं घ्या : दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा, मोबाइलचा टॉर्च, १५ सेंटिमीटरची एक आणि लांब सरळ अशी एक स्टीलची पट्टी, डिजिटल कॅलिपर, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) आणि गाड्यांच्या गॅरेजमध्ये फट मोजायला वापरतात ते पातळ पात्यांचं फीलर गेज. बघायचं दिवसा, खिडकीजवळ. कॅफेच्या पिवळ्या उजेडात टॉपवरची बारीक चीर दिसत नाही.

आधी आत

मधल्या दोन तारा सैल करा म्हणजे आरसा आणि बोटं साउंडहोलमधून, टॉपवरच्या गोल भोकातून, नीट आत जातील. टॉपच्या खाली दोन मुख्य पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात, हा एक्स-ब्रेस. साउंडहोलच्या ब्रिजकडच्या (टॉपवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीकडच्या) कडेपासून त्या फुलीच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. तिशीच्या दशकातल्या मार्टिन ड्रेडनॉटमध्ये (डी-२८ सारख्या मोठ्या अंगाच्या गिटारमध्ये) ते साधारण १ इंच, म्हणजे २५ मिलिमीटर असायचं. १९३८-३९ च्या सुमारास फुली ब्रिजकडे सरकली आणि अंतर पावणेदोन इंचांच्या पुढे गेलं. फुली साउंडहोलजवळ असली की ब्रिजभोवतालचा टॉप मोकळा राहतो, खर्ज भरून येतो. पण तारांचा ताण झेलायला आधारही कमी मिळतो.

आता ब्रेसच्या वरच्या कडेवरून बोट फिरवा. उंचवटा, मग खोलगट उतार, मग पुन्हा उंचवटा लागला तर ते स्कॅलप्ड ब्रेसिंग. पट्टी टोकाकडे सरळ निमुळती होत गेली तर नाही. मार्टिनने १९४४ च्या अखेरीस स्कॅलपिंग थांबवलं, कारण लोक जाड तारा लावायचे आणि टॉप फुगून गिटार दुरुस्तीला परत यायच्या. ज्या रीइश्यूमध्ये पुढे, म्हणजे साउंडहोलकडे, असलेली फुली आणि स्कॅलपिंग दोन्ही आहे, तिला ०.०१२ च्या लाइट तारा लावा. तेवढ्यानेही टॉपवर ७०-७५ किलोचा ताण येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ०.०१३ चा मीडियम सेट अशा टॉपवर ठेवणं धोक्याचं आहे.

या दोन खुणा जुळवल्या की बरंच काही कळतं. १९७६ ला आलेल्या एचडी-२८ ने हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या नक्षीच्या) कडा आणि स्कॅलपिंग परत आणलं, पण फुली मागेच राहिली. म्हणजे ती चाळिशीच्या सुरुवातीच्या गिटारच्या जवळची. २०१८ पासूनच्या एचडी-२८ मध्ये फुली पुढे आहे. २०१७ पासूनच्या साध्या डी-२८ मध्ये फुली पुढे आहे, पण ब्रेस स्कॅलप्ड नाहीत. ही जोडी जुन्या काळातल्या डी-२८ मध्ये नव्हती. गिटार त्यामुळे वाईट ठरत नाही, पण तिला ‘प्रीवॉर’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या घडणीची, म्हणणं चूक आहे.

आरसा ब्रिजच्या खाली न्या. तिथली पातळ फळी, म्हणजे ब्रिज प्लेट, जुन्या मार्टिनमध्ये छोटी आणि मेपलची असते. १९६८ पासून ती मोठी आणि रोजवूडची झाली. तारांचे गोळे प्लेटमध्ये रुतून भोकं लांबट झाली असतील तर तारा खाली ओढल्या जातात आणि गुंडाळीचा जाड भाग सॅडलवर (ब्रिजवरच्या, तारा टेकायच्या पट्टीवर) येतो. दुरुस्ती होते, पण ती किमतीतून वजा झाली पाहिजे.

लाकडाबद्दल एक गोष्ट आपल्या जवळची आहे. डी-२८ च्या पाठीला आणि बाजूंना १९६९ पर्यंत ब्राझिलियन रोजवूड असायचं. नंतर मार्टिन ज्या भारतीय रोजवूडकडे वळली ते म्हणजे आपलं शिसव. सह्याद्रीत वाढणारं झाड. त्यामुळे आजच्या बहुतेक रीइश्यूची पाठ मूळ गिटारपेक्षा वेगळ्या लाकडाची असते, आणि ते लपवण्यासारखं नाही. उलट नव्या गिटारला कोणी ब्राझिलियन म्हणत असेल तर कागद मागा : ते लाकूड साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये १९९२ पासून आहे आणि परवान्याशिवाय देशाबाहेरून आणता येत नाही. शिसवाच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून त्या परवान्यातून सूट आहे.

मापं

नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, रुंदी कॅलिपरने घ्या. तिशीतल्या मार्टिनची पावणेदोन इंच, म्हणजे ४४.५ मिलिमीटर; १९३९ च्या सुमारास ती ४२.९ वर आली. एवढ्याशा फरकाने बोटांनी वाजवणाऱ्याचा हात सुखावतो किंवा अडकतो. स्केल (तारेची वाजणारी लांबी) मोजायला नटपासून बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) मध्यापर्यंतचं अंतर घेऊन दुप्पट करा. मार्टिन ड्रेडनॉट ६४५ मिलिमीटर, गिब्सन जे-४५ आणि हमिंगबर्ड साधारण ६२८, गिब्सन डव्ह आणि एपिफोन टेक्सन ६४८. जे-४५ वाजवताना तारा मऊ का लागतात याचं निम्मं उत्तर इथे आहे.

गिब्सनचं साल ओळखायला फ्रेट मोजा. जे-४५ १९४२ ला आली; १९५५ मध्ये तिचे फ्रेट १९ चे २० झाले, छोटा थेंबासारखा पिकगार्ड मोठा झाला आणि स्कॅलप्ड ब्रेसिंगही त्याच सुमारास गेलं. ‘पन्नाशीच्या सुरुवातीची’ म्हणून सांगितलेल्या गिटारला २० फ्रेट असतील तर दाव्यात गडबड आहे. हेडस्टॉकवर (नेकच्या टोकाच्या फळीवर) पट्टीत लिहिलेली ‘बॅनर’ अक्षरं फक्त युद्धकाळातली, १९४२ ते ४५. ब्रिजही बघा : मार्टिनच्या ब्रिजचं पोट खालच्या बाजूला सुटलेलं असतं, पन्नाशीतल्या जे-४५ चं वर, साउंडहोलकडे.

साठीच्या गिब्सनमध्ये दोन स्क्रूंवर वरखाली होणारं सॅडल असतं. वाजवायला बसण्याआधी ते ओळखा, कारण ते आवाज बदलतं. सॅडल ब्रिजच्या लाकडाला पूर्ण टेकत नाही, त्यामुळे आवाज कोरडा, ठोकल्यासारखा आणि लवकर विझणारा येतो. ताल धरायला तो फार छान लागतो. संथ सुरावट वाजवणाऱ्यांनी मात्र आधी अर्धा तास वाजवून बघावं. शिवाय त्या स्क्रूंसाठी टॉपला मोठी भोकं असतात. नंतर साधं सॅडल बसवायचं म्हटलं तर ती बुजवावी लागतात.

ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) बदललेत का, हेही तपासा. जुन्या पद्धतीच्या क्लूसन ट्यूनरचं भोक पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास असतं, आजच्या बंद डबीच्या ट्यूनरचं १० मिलिमीटर. हेडस्टॉकच्या मागे जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोकं दिसली तर आधीच्या मालकाने भोकं मोठी केली आहेत. मूळ ट्यूनर पिशवीत घालून दिले तरी ते आता घट्ट बसणार नाहीत.

नकली ओळखायची सगळ्यात सोपी खूण : हेडस्टॉकवर ट्रस रॉडचं (नेकचा बाक जुळवायच्या आतल्या सळईचं) झाकण असलेली मार्टिन डी-२८. मार्टिनचा रॉड साउंडहोलमधून, लांब ५ मिलिमीटरच्या अॅलन कीने फिरतो. हेडस्टॉकवरचं घंटेच्या आकाराचं झाकण गिब्सनचं. मार्टिनचा सीरियल नंबर आत नेक ब्लॉकवर ठोकलेला असतो. त्याचा फोटो काढून कंपनीच्या साइटवर साल आणि मॉडेल पडताळा, मगच पैशांचं बोला. टॉप सॉलिड आहे का हे साउंडहोलच्या कडेवर दिसतं : वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरल्या तर सॉलिड, मधे आडवा थर दिसला तर प्लाय.

नेक, आणि पाऊस

ऑथेंटिक मालिकेतल्या मार्टिनना फिरवता येणारा ट्रस रॉड नसतो. नेकमध्ये जुन्यासारखी पोलादाची टी-बार बसवलेली असते. हे ग्राहकाला बहुतेक वेळा सांगितलंच जात नाही. नेक वाकली तर चावी फिरवून भागत नाही, फ्रेट काढून पुन्हा बसवावे लागतात. म्हणून अशी गिटार घेताना रिलीफ (नेकचा हलका बाक) मोजल्याशिवाय उठू नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सहावी तार चौदाव्यावर दाबा, सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात फीलर गेज सरकवा. ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर उत्तम. ०.४ च्या वर असेल आणि रॉड नसेल तर कारागिराचा खर्च धरूनच भाव करा.

मग स्टीलची लांब पट्टी फ्रेटांवर उभी ठेवून ब्रिजकडे न्या. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं पाहिजे. माथ्याच्या दीड-दोन मिलिमीटर खाली जात असेल आणि सॅडलही आधीच घासून बुटकं झालं असेल, तर नेक रिसेट (नेक सोडवून योग्य कोनात पुन्हा बसवणं) जवळ आला आहे.

तपासणी कोणत्या महिन्यात करताय यालाही महत्त्व आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात घरातली आर्द्रता सहज ८० टक्क्यांवर जाते. टॉप फुगतो, ब्रिज वर येतो, बाराव्या फ्रेटवरचा अॅक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) वाढतो. जानेवारीत २.४ मिलिमीटर असलेली सहावी तार तेव्हा ३ ला पोचलेली दिसू शकते. पावसाळ्यात अॅक्शन उंच दिसला म्हणून लगेच सॅडल घासू नका. बाराव्यावर अर्धा मिलिमीटर कमी करायला सॅडल १ मिलिमीटर उतरावं लागतं, आणि हिवाळ्यात टॉप बसला की तीच गिटार खडखडते.

केसमध्ये आर्द्रता मोजणारं हायग्रोमीटर ठेवा आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या मधे राखा. जून ते सप्टेंबर २०० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल सुती पिशवीत घालून केसमध्ये, हेडस्टॉकच्या खाली ठेवायचं. रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर वाळवायचं. सरसाने जोडलेल्या गिटारला दमटपणा आणि उष्णता एकत्र मिळाली तर जोड सैल पडतात, ब्रिजची मागची कड आधी उचलली जाते. तिथे कागद आत सरकतो का ते दर महिन्याला बघा. पाम बीच रोडवर कडेला लावलेल्या बंद गाडीत अशी गिटार दहा मिनिटंही ठेवू नये. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमधून हार्ड केसमध्ये नेलेली बरी.

नायट्रोसेल्युलोज लॅकर असलेल्या गिटारला स्टँडचा रबर किंवा फोम लागला की डाग पडतो, आणि तो निघत नाही. स्टँडला जुन्या सुती धोतराची पट्टी दोन वेढे गुंडाळा. डासांचं मलम लावलेल्या हाताने गिटार उचलू नका. डीट असलेलं मलम लॅकर मऊ करतं आणि बोटांचे ठसे त्यात बसतात. घाम सुक्या कापडाने लगेच पुसायचा, सिलिकॉनचं पॉलिश वापरायचं नाही.

गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात वाजवायची असेल तर आवाज स्पीकरपर्यंत नेणारा पिकअप लागेल. ब्रिजच्या टोकापर्यंत गेलेल्या लांब सॅडलखाली पिकअपची पट्टी नीट बसत नाही, आणि सॅडल सरसाने चिकटवलेलं असेल तर ते काढतानाच ब्रिज फुटण्याची भीती असते. साउंडहोलमध्ये अडकवायचा मॅग्नेटिक पिकअप घ्या, किंवा ब्रिज प्लेटला आतून चिकटणारा. जॅकसाठी मागच्या बटणाचं भोक १२ मिलिमीटरपर्यंत मोठं करावं लागतं. मॅग्नेटिकची वायर साउंडहोलमधूनच बाहेर काढली तर तेही टळतं.

सॅडल चिकटवलेलं नसेल, खाचेत सुटं बसणारं असेल, तर हाडाची दोन सॅडल करून घ्या : एक पावसाळ्यासाठी थोडं बुटकं, एक हिवाळ्यासाठी. दोघांवर खाली पेन्सिलने महिना लिहा. तारा बदलतानाच सॅडल बदलायचं, आणि बदललं त्या दिवशीचा अॅक्शन आणि हायग्रोमीटरचा आकडा केसच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदावर नोंदवायचा.