जुनं घर विकायचंय? रंगाऱ्याला शेवटी बोलवा

घर विकायचं ठरलं की बहुतेकजण पहिला फोन रंगाऱ्याला करतात. माझं सांगणं उलट आहे. जुनं घर बघायला आलेला माणूस रंगापेक्षा रंगाखाली काय दडलंय याचा अंदाज घेत असतो. कोपऱ्यात एक पोपडा दिसला की त्याच्या डोळ्यांपुढे गळकं छप्पर, सडलेले पाइप आणि न संपणारा खर्च उभा राहतो. आधी ही धास्ती घालवायची, सजावट मागाहून.

१. वही घेऊन घरभर फिरा

भर उजेडात फिरा. प्रत्येक नळ सोडा, प्रत्येक बटण दाबा, दारं-खिडक्या उघडून लावून बघा. आपल्या नजरेला घर सवयीचं झालेलं असतं, म्हणून या घरात फारसं न आलेलं कुणीतरी सोबत घ्या. गिलाव्यावरच्या केसासारख्या तड्यांना घाबरायचं कारण नाही. पण विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखा तिरका चढत गेलेला किंवा ५ मिलिमीटरहून रुंद तडा दिसला, तर पुट्टी भरून तो झाकू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तोवर तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहून ठेवा, म्हणजे तो वाढतोय का ते कळेल.

२. ओलीचं मूळ शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डाग कुठे आहे त्यावरून बरंच कळतं. छताजवळ असेल तर वरून गळतंय. भिंतीच्या मध्येच, त्यातही न्हाणीघराच्या मागे असेल, तर संशय पाइपवर. जमिनीपासून साधारण १ मीटर उंचीपर्यंत आडवा पट्टा असेल, तर ओल पायातून चढत असण्याची शक्यता मोठी.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. सुमारे ४५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. थेंब आतल्या अंगाला, भिंतीकडे जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला जमले तर दोष दमट हवेचा. तिथे खिडकी किंवा एक्झॉस्ट पंख्याने काम भागतं. पाइपची शंका असेल तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. तरीही काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहेच.

मूळ दुरुस्त झाल्यावर फुगलेला गिलावा काढा आणि भिंत वाळू द्या. सिमेंटचा नवा गिलावा केला तर रंगाआधी त्याला साधारण २८ दिवस द्यावे लागतात. घाईघाईत ओल्या भिंतीवर दिलेला रंग काही महिन्यांत सुटतो, नेमका घर बघायला लोक यायला लागतात तेव्हा.

३. कामांचा क्रम मोडू नका

छप्पर, पाइप, वायरिंग, गिलावा, फरशी, सुतारकाम आणि मग रंग. वायरिंग करतानाच अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारं स्विच, बसवून घ्या. भिंत बुजवण्याआधी पाइप आणि तारांचे फोटो काढून ठेवा. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर त्यांना स्वतः हात लावू नका.

४. कुठे थांबायचं ते आधीच ठरवा

अख्खं स्वयंपाकघर नवं करण्याच्या मी विरोधात आहे. घेणारा स्वतःच्या आवडीने ते बदलणारच असतो. टाइल्सच्या सांध्यांतलं काळं पडलेलं ग्राउट काढून नवं भरा, कपाटांच्या मुठी आणि गळके नळ बदला. तेवढ्यानं मोठा फरक पडतो. भरीव लाकडाचं जुनं दार किंवा नक्षीची फरशी मात्र काढून टाकू नका. नीट साफ केली की नव्या घरात न मिळणारी हीच गोष्ट लोक थांबून बघतात.

५. मांडामांड

निम्मं नाही, तरी एक तृतीयांश सामान हलवाच. दारातून खिडकीपर्यंत सरळ चालत जाता आलं पाहिजे. एका खोलीत एकाच छटेचे दिवे लावा. बैठकीसाठी ३००० केल्विनच्या आसपासचा उबदार उजेड चांगला. फोटो दिवसा काढा, पडदे उघडून, कॅमेरा छातीच्या उंचीवर सरळ धरून.

आणि वास! बंद घरात न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराची हवा थेट आत येते. त्यावर सुगंधी फवारा मारून काही होत नाही. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, वास थांबतो.

६. घर दाखवताना

बिलं, हमीपत्रं आणि भिंत उघडी असतानाचे ते फोटो एका फाइलमध्ये लावून टेबलावर ठेवा. एखादा दोष राहिला असेल तर तो विचारायच्या आधी स्वतः सांगा, दुरुस्तीला किती खर्च येईल याच्या अंदाजासकट.