पेशीतलं कोठार आणि पेशीतली चूल, घरच्या घरी कशी दाखवायची

मुलांना पेशी शिकवताना एक चूक मला दरवर्षी सापडते, हरितलवक (पेशीतला उन्हाच्या जोरावर साखर बनवणारा हिरवा भाग) झाडांचं आणि तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, साखरेतून ऊर्जा काढणारा भाग, म्हणजेच पेशीतली चूल) प्राण्यांची असं डोक्यात फिट्ट बसलेलं असतं. अरे झाडात दोन्ही असतात! नुसतं सांगून पटत नाही, दाखवावं लागतं, आणि त्यासाठी सगळं सामान स्वयंपाकघरात असतंच, फक्त मेडिकलमधून बीटाडीनची (आयोडीन असलेल्या जंतुनाशकाची) छोटी बाटली आणा.

आधी कोठार, म्हणजे पेशीतला स्टार्चचा साठा. आयोडीन लागलं की स्टार्च काळानिळा पडतो, तेच इथे बघायचं. बटाटा, कच्चं केळं, चांगलं पिकलेलं केळं आणि कांदा, प्रत्येकाची एकेक पातळ चकती कापा, बीटाडीनमध्ये चार-पाच पट पाणी घालून एकेक थेंब टाका. बटाटा आणि कच्चं केळं लगेच काळंनिळं पडतं, पिकलेलं केळं फारसं नाही कारण पिकताना बऱ्याचशा स्टार्चची साखर झालेली असते. कांद्यावर डाग पिवळट तपकिरीच राहतो, मुलं म्हणतात प्रयोग फसला, पण तसं नाही, कांदा स्टार्च साठवतच नाही, तो साखरेसारखे विरघळणारे पदार्थ रिक्तिकेत (पेशीतल्या पाणीदार पिशवीत) भरून ठेवतो.

शाळेचा मायक्रोस्कोप मिळाला तर सोडूच नका. कापलेल्या बटाट्यावरून सुरी अलगद ओढली की दुधाळ रस येतो, तो काचेवर पाण्याच्या थेंबात घ्या आणि आधी आयोडीनशिवाय बघा, अंड्यासारखे लांबट दाणे दिसतात, नीट फोकस केलं तर शिंपल्यासारख्या रेषासुद्धा. हे स्टार्चचे दाणे बिनरंगी लवकांत (हरितलवकाच्याच जातीच्या, पण रंग नसलेल्या पेशीभागांत) तयार होतात. साखर मात्र वरून येते, पानातल्या हरितलवकात उन्हाच्या जोरावर बनलेली, सुक्रोज होऊन खाली उतरलेली. मग कडेने अगदी पातळ आयोडीन सोडा, जास्त झालं तर सगळं काळंकुट्ट होऊन रेषा जातात.

आता चूल. मोड यायला बांधून ठेवलेल्या मटकीच्या पुरचुंडीत सकाळी मधोमध बोट घाला, कोमट लागतं ना? ती ऊब मटकीच्या श्वसनाची. पुरावा हवा असेल तर चमचाभर पानाचा चुना ग्लासभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरची निवळी फडक्यातून गाळा (डोळ्यांना जपा). एका बरणीत मोडाची मटकी, दुसरीत तेवढीच उकडून गार केलेली, दोन्हीत निवळीची छोटी वाटी, झाकणं घट्ट, आणि बरण्या अंधारात. काही तासांनी जिवंत मटकीजवळची निवळी श्वसनातून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे दुधाळ होते, दुसरी जवळपास तशीच राहते. उकडलेली दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका, आंबली की जंतूच कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि घोळ होतो.

आत काय चाललंय तर ग्लुकोज (एक साधी साखर) आधी पेशीद्रवात, म्हणजे पेशीतल्या पातळ द्रवात, अर्धवट तुटतं, त्यात एका ग्लुकोजमागे निव्वळ 2 एटीपी (पेशीची ऊर्जेची सुटी नाणी) मिळतात, पुढचं काम ऑक्सिजन वापरून तंतुकणिकेत, एकूण साधारण 30 ते 32. मटकीत आणि आपल्या स्नायूंत पद्धत हीच. आपल्याकडे लवकं नाहीत, म्हणून आपण ग्लुकोज ग्लायकोजनच्या (स्टार्चसारख्याच साठ्याच्या पदार्थाच्या) कणांत, मुख्यतः यकृत आणि स्नायूंच्या पेशीद्रवात ठेवतो, त्याहून जास्तीचं चरबीत जातं.

आयोडीन लावलेल्या चकत्या मात्र लगेच फेकून द्या, घरात लहान मूल असेल तर आधी त्याच.