दुभाष्याला आधी भेटा: परदेशातल्या युवा शिबिरातले दोन उन्हाळे

पहिल्या मिशन ट्रिपला, म्हणजे परदेशातल्या ख्रिस्ती युवा शिबिरात सेवा करायला, निघाले तेव्हा माझ्या पिशवीत दोन नाटुकल्या, गिटारच्या तारांचा जादा संच आणि पाठ केलेली चार भाषणं होती. पोहोचल्यावर दुसऱ्याच सकाळी वाट्याला काय आलं, तर नव्वद ताटं धुणं. मनातून मी चांगलीच चिडले होते. एवढी प्रार्थना करून, मंडळीतल्या (आमच्या चर्चमधल्या) लोकांकडून वर्गणी गोळा करून, विमानाने इतक्या लांब आलो ते भांडी घासायला? तिसऱ्या दिवशी कळलं की ताटं आम्ही धुतल्यामुळे तिथल्या दोन तरुणींना जेवणानंतरचा तास मोकळा मिळत होता. त्या तासात त्या मुलांजवळ जाऊन बसत. मुलांची भाषा त्यांना येत होती, घरं माहीत होती, आणि आम्ही गेल्यानंतरही त्या तिथेच राहणार होत्या. त्या भांड्यांपाशी माझ्या डोक्यात जे बसलं त्याच्याच आधारे पुढचं सगळं लिहिते आहे. शिबिर त्यांचं असतं, आपण आठवडाभराचे मदतनीस.

आधी कागदपत्रं, कारण उत्साहात हाच भाग राहून जातो. ‘टूरिस्ट व्हिसावर चालतं, सगळे तसेच जातात’ असं सांगणारा कुणीतरी प्रत्येक गटात भेटतोच. त्याचं ऐकू नका. पगार नसला तरी सेवा हे अनेक देशांच्या नियमांत कामच धरलं जातं, आणि प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा असतो. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलेल्या माणसाला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण 30 दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. त्यापुढे वेगळा व्हिसा लागतो. अमेरिकेत मान्यताप्राप्त धार्मिक संस्थेच्या स्वयंसेवा कार्यक्रमासाठी बी-1 व्हिसात तरतूद आहे. तुम्ही जाणार त्या देशाचा नियम त्याच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, आणि आमंत्रण देणाऱ्या मंडळीकडून तारखा व कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र मागून घ्या.

आमच्यातल्या एकाने विमानतळावर ‘फिरायला आलोय’ असं सांगितलं. पिशवी उघडली तर आत साठ एकसारख्या अभ्यासपुस्तिका आणि रंगांच्या दोन डझन पेट्या. पुढचे दोन तास आम्ही सगळे बाकावर. सत्य बोलण्यावर धडे द्यायला निघालेल्या गटाची ही सुरुवात!

पासपोर्टची मुदत परतीनंतर निदान सहा महिने उरलेली असावी. पिवळ्या तापाची लस लागणाऱ्या देशात जायचं असेल तर शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, कारण ते प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य होतं. (2016 पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे जपून ठेवा.) पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि पास्टरांचं शिफारसपत्र मागितलं तर अपमान वाटून घेऊ नका. जी संस्था काहीच न विचारता तुम्हाला मुलांमध्ये सोडते, तिच्याविषयीच मला शंका येते.

आता दुभाषा. नवख्या स्वयंसेवकाचा सगळा सराव भाषणाचा असतो, आणि भाषण पोहोचवणाऱ्या माणसाला तो व्यासपीठावरच पहिल्यांदा भेटतो. वीस मिनिटांचं भाषण दुभाष्यासह द्यायचं म्हणजे तुमची खरी मिनिटं दहाच. वाक्य पूर्ण करून थांबायचं. अर्ध्यावर थांबलात तर क्रियापद कुठे ठेवायचं हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. कोट्या, यमकं, म्हणी सगळ्या गाळा. शास्त्रवचन तुमच्या भाषेतून तोंडी भाषांतरित करायला लावू नका. अध्याय आणि ओवी आधी कळवा, तो त्यांच्या बायबलमधून थेट वाचेल.

माझी दुभाषी एकोणीस वर्षांची होती, त्याच शिबिरात लहानाची मोठी झालेली. आदल्या रात्री मी तिला भाषण वाचून दाखवलं. ‘देव आपला बाप आहे’ या वाक्यापासून सुरुवात होती. ती थांबली. म्हणाली, “ताई, तुमच्या गटातल्या चौघांचे वडील घर सोडून गेलेत. एकाचे रोज पिऊन मारतात. बाप म्हटलं की त्यांना तेच आठवेल.” मग आम्ही दोघींनी बसून सुरुवात बदलली. हरवलेलं मेंढरू शोधायला निघालेल्या मेंढपाळापासून सुरू केलं आणि ‘बाप’ हा शब्द तिसऱ्या दिवसापर्यंत उच्चारलाच नाही. वर्षभर बायबल अभ्यास करूनही मला ते सुचलं नसतं.

खेळ आणि हस्तकला यांना दुय्यम समजणारे लोक भेटतात, त्यांना मी एक गोष्ट सांगते. 1868 च्या उन्हाळ्यात वेल्समधल्या लँडडनोच्या समुद्रकिनाऱ्यावर जोसाया स्पायर्स यांनी मुलांना वाळूत ‘देव प्रीती आहे’ ही अक्षरं कोरायला आणि शेवाळ-शिंपल्यांनी सजवायला लावली. स्क्रिप्चर युनियन ही संस्था त्याच कामातून वाढली. हाताला काम मिळालं की मुलं बोलू लागतात, आणि भाषेची अडचण निम्मी होते. मी सगळ्यात जास्त गप्पा मारल्या त्या दोरीला गाठी मारताना, खुणांनी.

सुरक्षेचे नियम कंटाळवाणे वाटतील, पण त्यांत तडजोड नको. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही. बोलायचं ते इतरांना दिसेल अशा जागी. झोपायची, अंघोळीची जागा मोठ्यांची वेगळी. एखाद्या मुलाने घरातली मारहाण किंवा छळ सांगितला तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून प्रश्न विचारू नका, त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि त्याच दिवशी बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला सांगा. फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय टाकायचे नाहीत, मग मूल कितीही गोड हसत असो. उन्हात खेळ असतील तर पाण्याची आठवण तुम्हीच करून द्या. जुलाब झाले आणि जलसंजीवनीची (ओआरएस) तयार पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असू द्या. चमचे हातघाईने भरू नका; जास्त मीठ घातक ठरतं.

शेवटच्या रात्रीबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. शेकोटी, अंधार, हळू स्तुतिगीत, पाच-सहा तासांच्या झोपेवर काढलेला आठवडा. अशा वेळी ‘ज्यांना येशूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा’ म्हटलं की हात वर होणारच. मैत्रिणीने केला म्हणून होतो, उद्या निरोप म्हणून होतो, आणि काही अगदी मनापासून होतात. पहिल्या शिबिरात एकतीस हात वर झाले आणि आमच्यातल्या एकाने ते मोजून वहीत लिहिले. मीही तेव्हा रडले होते, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या वर्षी तिथल्या युवा पास्टरांनी हात वर करायला सांगणंच टाळलं. ते म्हणाले, “ज्याला बोलायचंय त्याने उद्या न्याहारीनंतर ऑफिसबाहेरच्या बाकावर यावं. उजेडात.” काही मुलं वेगळ्या धर्माच्या घरांतली होती, त्यांच्याशी पुढचं बोलणं पालकांना विचारून झालं. 1989 च्या बालहक्क करारातलं चौदावं कलम मुलाचं विचार-विवेक-धर्माचं स्वातंत्र्य आणि त्याला मार्गदर्शन करण्याचा पालकांचा हक्क, दोन्ही मानतं. पण पास्टरांचं कारण साधं होतं: “त्या घरांत मला वर्षभर जायचंय.”

आणि ‘पुढच्या वर्षी नक्की येईन’ हे म्हणू नका. मी एका दहा वर्षांच्या मुलीला म्हटलं होतं. दुसऱ्या वर्षी गेले ते दोन महिने उशिरा, दुसऱ्या तुकडीबरोबर. तोवर तिचं कुटुंब गाव सोडून गेलं होतं. त्या वर्षीच्या आधीच्या तुकडीच्या शिबिरात ती रोज फाटकापाशी बसायची, असं स्वयंपाकघरातल्या बाईंनी सांगितलं.

परतल्यावर रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे आलेला अनुभव सांगायला, सात मिनिटं मिळाली. ताटांबद्दल बोलले, दुभाषीबद्दल बोलले. संपल्यावर एका वडीलधाऱ्यांनी, ज्यांनी तिकिटासाठी बरीच मदत केली होती, विचारलं, “बरं, पण किती जणांनी स्वीकारलं?”

म्हटलं, “काका, बाकावर पाच जण आले होते. त्यांची नावं तिथल्या पास्टरांकडे आहेत.”